मळीवरची माशी

नाथाजी अण्णांनी कारखान्याची मळी आणली ती धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी. पाच ट्रॉल्या मळी, वर दोन ट्रॉल्या कोंबडखत. मळी म्हणजे उसाचा रस गाळल्यावर मागं राहतो तो काळा गाळ. रानाला खत म्हणून तिला तोड नाही आणि वासालाही नाही. खळ्यावर ढीग मारला, वर पाणी सोडलं आणि अण्णा मोकळे झाले. आडसाली उसाची लागण जुलैत, तोवर ढीग चांगला कुजायला हवा. शिराळ्याच्या बाजूला दहातले आठ शेतकरी असंच करतात, तेव्हा अण्णांचं काही चुकलं असं कुणी म्हणणार नाही.

पंधरा दिवसांनी माशी उठली. ताटावर बसते ती घरातली माशी नव्हे ही. दिसायला तशीच, पण तोंडाला सुई. गावात तिला चावरी माशी म्हणतात. माणसाला चावली तर माणूस चापट मारतो आणि विसरतो. जनावराच्या मात्र ती गुडघ्याखाली बसते, रक्त पिते, उठते, परत तिथंच बसते. म्हशीचं कातडं जाड, ती शेपटी हलवून भागवते. भागलं नाही ते शेवंतीचं.

शेवंती ही रसूल नालबंदाची घोडी. अंगानं पांढरीशुभ्र, पण केसांखालचं कातडं तान्ह्या पोराच्या तळव्यासारखं गुलाबी. आसपासच्या पाच-सहा गावांत परण्याला हीच घोडी लागायची. लग्न लागण्याआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीला जातो, तो परण्या. बँड कानाशी बडवला, पायात फटाके फुटले, तरी शेवंती कान हलवायची नाही. रसूल बैलांना नाल मारायचा, पण बैल आता राहिलेत किती? शर्यतीचे चार आणि हौसेचे चार. घर चालायचं ते मार्च ते जून शेवंतीच्या पाठीवर.

घोडी रसूलची म्हणायची, पण वाढवली त्याच्या बायकोनं, नूरजहांनं. दहा दिवसांचं शिंगरू टाकून शेवंतीची आई मेली, तेव्हा शेळीचं दूध बाटलीनं पाजून तिनं ते जगवलं होतं. नूरजहांचा धाकटा भाऊ सद्दाम महाबळेश्वरला तळ्याकाठी पर्यटकांना घोड्यावर फिरवायचा. तो दरवर्षी ही घोडी मागायचा आणि ती दरवर्षी म्हणायची, माझी मयत झाली की ने. तिथली घोडी तिनं बघितली होती. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत पाठीवरचं एक पोर उतरलं की दुसरं, आणि खाली लाल धुळीत तेच तेच हेलपाटे. शेवंतीवर ती पाळी येऊ द्यायची नाही, एवढं एक नूरजहांनं मनाशी धरलं होतं. पण आयाळ गेलेल्या, अंगावर चट्टे पडलेल्या घोडीवर नवरदेव बसवतंय कोण? आणि नवरदेव बसत नसेल तर नालबंदानं घोडी पोसायची कशाच्या जिवावर?

एप्रिल लागला तशा शेवंतीच्या पोटाखाली आणि पायांवर गांधी उठल्या. आधी बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. खाजेनं ती शेडाच्या खांबाला मान घासायची. घासून घासून आयाळ मधेच विरळ झाली. दिवसभर पाय आपटायची, त्यात पुढचा नाल दोनदा ढिला झाला आणि रसूलनं दोनदा बसवला. जनावरांचे डॉक्टर येऊन सुई टोचून गेले. म्हणाले, हिला माशीच्या लाळेचीच बाधा होते, सुईनं चार दिवस बरं वाटेल, पण खरं औषध म्हणजे माशी नको. माशी येते कुठनं, ते काही त्यांनी विचारलं नाही. शेडाच्या दारातनं दोनशे पावलांवरचा ढीग सरळ दिसत होता.

मग रसूलनं स्वतःचं डोकं चालवलं. म्हशींच्या अंगाला लावतात ते ट्रॅक्टरचं जळकं ऑईल त्यानं आणलं आणि नूरजहां बाजाराला गेलेली बघून घोडीच्या मांड्यांना फासलं. दुसऱ्या दिवशी मांडीवरचं कातडं पापुद्र्यानं सुटलं. नूरजहां दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. भाकरी पुढ्यात सरकवायची आणि निघून जायची.

तिसऱ्या दिवसापासून तिनं सगळं आपल्या हातात घेतलं. तांबडं फुटायच्या आत लीद उचलायची आणि पाटाच्या पलीकडं टाकून यायची. आधी दिवसातनं दोनदा उचलायची, आता पाचदा. ओली जागा राखेनं कोरडी करायची. गोवरीवर कडुनिंबाचा ओला पाला टाकून दारात धूर धरायचा. त्या धुरानं माशी जरा बाजूला व्हायची, पण नूरजहांचे डोळे दिवसभर लाल असायचे. करंजाच्या तेलात कापूर घालून ते आधी मानेवर रुपयाएवढ्या जागी लावून बघितलं, एक दिवस वाट बघितली, मगच पोटाला चोळलं. घरातली एकुलती एक मच्छरदाणी उसवून मशिनीवर तिची घोडीच्या मापाची झूल शिवली. डोळ्यांवर सुतळीची झालर बांधली. राहिले पाय. माशी पायांनाच जास्त लागते. तेव्हा तिनं नूरीनच्या, म्हणजे कॉलेजात जाणाऱ्या लेकीच्या, जुन्या दोन लेगिन्स कापल्या आणि शेवंतीच्या चार पायांना चार मोजे केले, वर नाडी. ते चढवायला घोडीच्या पोटाखाली उकिडवं बसावं लागायचं. उठताना गुडघे कटकन वाजायचे.

रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची. एकानं फोटो काढून स्टेटसला ठेवला, वर लिहिलं, घोडीनं लेगिन घातली. तो फोटो फिरत फिरत नूरीनच्या कॉलेजात पोचला. लेगिन फुलाफुलांची होती, मैत्रिणींनी ती बरोबर ओळखली. नूरीन त्या दिवशी लवकर घरी आली. पेटी उघडून तिनं आणखी एक लेगिन काढली आणि आईच्या पुढ्यात टाकली.

"ही जाड हाय अम्मी," ती म्हणाली. "हिच्यातनं डंख जायचा न्हाई."

नूरजहांनं रसूलला सांगून बघितलं, अण्णांच्या कानावर घाला, ढीग लांब न्या म्हणावं. रसूलनं एकेक सांगायला सुरुवात केली, जसं काही तिला माहीतच नव्हतं. शेड उभं आहे ती पट्टी अण्णांची, त्यांच्या वडिलांनी तोंडी दिलेली. घोडीला घास येतो तो अण्णांच्या वाफ्यातला. पाणी त्यांच्या मोटारीचं. आजवर अण्णांनी एका शब्दानं कधी बोलून दाखवलं नव्हतं आणि रसूलला त्याचंच जास्त दडपण होतं. बोलून दाखवणाऱ्या माणसाशी एखाद्या दिवशी भांडता तरी येतं. अण्णा रस्त्यात भेटले की आधी घोडीची खुशाली विचारायचे. असल्या माणसाला, तुझ्या खताची घाण आमच्या दारात येते, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

"मग मीच जाते," नूरजहां म्हणाली.

जाताना सगळ्या वाटेनं ती एकच वाक्य घोकत होती. अण्णा, ढीग जरा लांब हलवा. चार-पाच शब्द, त्यात अवघड काय? पण अण्णांच्या ओट्यावर त्यांची बायको बनाबाई तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला सारून नूरजहांला शेजारी बसवून घेतलं, चहा टाकला, सुनेसाठी घेतलेल्या साड्या आणून मांडीवर ठेवल्या. मुलगा ऋषिराज पलटणीतनं अठ्ठावीस दिवसांच्या सुट्टीवर येणार होता. मेच्या बारा तारखेला लग्न, आणि कार्यालयात नव्हे, दारात. तेवढ्यात अण्णा आले आणि खुर्ची ओढून बसले. चहा संपला, कपाच्या तळाशी साखर उरली, तरी वाक्य तोंडातनं बाहेर येईना.

"अण्णा, घोडीला लय तरास व्हतूया बगा," शेवटी ती म्हणाली. "माशीचा."

"व्हय तर. औंदा माशी लय हाय," अण्णा म्हणाले. "आमच्या म्हशी बी शेपट्या हालवून दमल्या."

मग त्यांनी माशीची कारणं सांगितली. पाटाला पाणी थांबून राहतंय. वरच्या आळीत कोंबड्यांची शेडं झालीत. थंडी पडलीच नाही. सगळं सांगितलं, ढीग सोडून. आणि त्यांच्या मनात काही काळंबेरं होतं असंही नाही. माणसाला आपल्या दारातली घाण दिसत नाही, तसे ते बोलत होते. बोलता बोलता म्हणाले, "ऋषिराजच्या परण्याला शेवंतीच पायजे बरं का वैनी. दुसरी घोडी मी दारात उभी करून घेणार न्हाई."

इथं नूरजहांनं तिला मोठी शहाणपणाची वाटली अशी गोष्ट केली. तिला वाटलं, सरळ मागितलं तर माणूस आखडतो. आपण आधी हात सैल सोडला तर त्यालाच लाज वाटेल, तो आपणहून विचारेल, वैनी, आता तुमच्यासाठी काय करू? खेड्यात माणसं एकमेकांना अशीच बांधून घेतात.

"पैशाचं नाव काढू नका, अण्णा," ती म्हणाली. "ऋषिराज माझ्या मांडीवर खेळलाय. घोडी आमच्याकडनं, मानाची."

बनाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णा खुर्चीत सावरून बसले. "आता काय बोलू मी?" ते म्हणाले. "तुमी घरचीच माणसं."

"फकस्त तवर तिचं कातडं नीट ऱ्हायला पायजे," नूरजहां म्हणाली आणि खळ्याकडं बघितलं. मुद्दाम बघितलं, जरा जास्तच वेळ.

"ऱ्हातंय की. तुमच्या हातात हाय म्हणल्यावर काय काळजी," अण्णा म्हणाले.

घरी येताना तिच्या पायांत बळ आलं होतं. रसूलनं विचारलं, बोललीस का ढिगाचं? ती म्हणाली, कळलंय त्यांना, अण्णा काय दूधपितं पोर आहे? रसूलनं मान हलवली, पण त्याचा चेहरा काही उजळला नाही. बारा तारखेला कोरेगावच्या एका घरानं शेवंती सांगून ठेवली होती, सीझनमधलं सगळ्यात मोठं काम. त्यानं फोन करून ते नको म्हणून सांगितलं आणि तिकडच्या माणसाच्या चार शिव्या ऐकून घेतल्या.

दहा दिवस गेले. ढीग होता तिथं होता. नूरजहां रोज सकाळी लीद टाकायला जाताना त्याच्याकडं बघायची. अण्णा वाटेत दिसले की हसून घोडी कशी आहे विचारायचे, ती बरी आहे म्हणायची. बरी नव्हती. पोटाखालच्या गांधी फुटून तिथं खपल्या धरल्या होत्या आणि खपलीवर परत माशी बसत होती.

अकराव्या दिवशी सकाळी खळ्यावर जेसीबी आला. नूरजहां हातातली पाटी खाली टाकून शेडात पळाली. शेवंतीच्या गळ्यात हात टाकून ती म्हणाली, बघ, म्हणलं नव्हतं का मी? लोखंडी सोंड ढिगात घुसली, काळा गाळ ट्रॉलीत पडायला लागला. नूरीन पण दारात येऊन उभी राहिली. मायलेकी हसत होत्या. पहिली ट्रॉली भरली, रस्त्याला लागली आणि त्यांच्याच बाजूला यायला लागली. नूरजहांला वाटलं खालच्या रानात चालली असेल, वाट इकडनंच आहे. पण ट्रॅक्टर लिंबाजवळ वळला, शेडाच्या मागच्या अंगाला गेला आणि ड्रायव्हरनं ट्रॉली उचलली.

ती धावत मागं गेली तेव्हा मळी जमिनीवर पसरली होती. शेडाच्या भिंतीपासून दहा पावलं, फार तर बारा. अण्णा स्वतः तिथं उभे राहून हातानं जागा दाखवत होते.

"खळ्यावर मांडव पडणार हाय न्हवं," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाच्या बांधाला टाकला असता तर धा बोलला असता. म्हणलं, वैनींना काय इचारायचं. आपलीच माणसं हायत."

नूरजहांचं तोंड उघडं होतं. आता तरी बोलायला हवं होतं. शब्द तोंडात होते, मागच्या वेळी घोकलेलेच. पण अण्णा इतक्या मोकळेपणानं बघत होते की तिच्या तोंडातनं आलं, "बरं." तिला स्वतःचीच जीभ उपटून टाकावीशी वाटली. ती तिथंच उभी राहिली आणि एकामागून एक सगळ्या ट्रॉल्या रिकाम्या होताना बघत राहिली.

ढवळलेल्या ढिगातनं माशी पहिल्यापेक्षा दुप्पट उठली. शेडाच्या पत्र्याखाली तिचा एकसारखा आवाज यायला लागला. भिजवलेली पोती दारा-खिडक्यांना लावली, ती उन्हानं तासात वाळायची आणि नूरीन कॉलेज बुडवून परत भिजवायची. घोडी दुसरीकडं बांधावी तर जागा कुठली? रसूल तीन दिवस तिला नदीवर झाडाखाली घेऊन बसला, तर तिथं डुंबायला आलेल्या म्हशींबरोबर गोमाश्या आल्या, त्या आणखी जाड. चौथ्या दिवशी तो घोडी परत घेऊन आला. लेगिन्सचे मोजे शेवंतीनं दातांनी फाडले. नूरजहांनं ते शिवले, तिनं परत फाडले. जिच्या कानाशी फटाके फुटले तरी जी हलायची नाही, ती घोडी आता अंगावर हात ठेवला तरी दचकायची. एकदा तिनं नूरजहांला लाथ मारली. मांडीवर काळानिळा वळ उठला. नूरजहांनं तो कुणाला दाखवला नाही.

नूरीन म्हणाली, मी सांगते अण्णांना, मला नाही भीड वाटत. रसूल ओरडला नाही, नुसतं म्हणाला की आठ दिवसांवर लग्न आहे, मान म्हणून दिलेल्या घोडीची रड आता त्यांच्या दारात नेली तर लोक म्हणतील नालबंदाला दिलेलं जड झालं. एवढं होऊन जाऊ दे, मग बोलू. लेकीनं रागानं बादली आपटली. नूरजहांला वाटत होतं, पोरीनं जावं. पण तिनं पोरीला जा म्हटलं नाही.

बारा तारखेला पहाटे मायलेकींनी शेवंतीला धुतलं. जिथं केस गेले होते तिथं शंखजिऱ्याची पावडर चोळली. विरळ आयाळीवर मोगऱ्याचे गजरे दाट बांधले. वर मखमलीची जरीची झूल चढवायची होती, जड आणि खरखरीत. नूरजहांनं तिच्याखाली आपली जुनी मऊ ओढणी अंथरली.

दहाच्या उन्हात परण्या निघाला. पुढं बँड, मागं डीजेची गाडी, नाचणारी पोरं. आणि शेवंती चालली, अगदी पहिल्यासारखी. मान ताठ, पाऊल मोजून. गेले महिनाभर जी उभी राहू शकत नव्हती, ती ऋषिराजला पाठीवर घेऊन मारुतीपर्यंत एकदाही बुजली नाही. झुलीखाली तिचं कातडं थरथरत होतं, ते फक्त नूरजहांला दिसत होतं. ती कडुनिंबाचा डहाळा हातात घेऊन बाजूनं चालली होती आणि पायांवरच्या माश्या हाकत होती. बायकांतली एक म्हणाली, ही बघा घोडीची करवली, आणि सगळ्या हसल्या.

मारुतीपाशी घोडी थांबली तेव्हा ऋषिराजनं कौतुकानं तिच्या मानेवर थाप मारली. हात ओला लागला म्हणून त्यानं बघितलं. पावडर लागली होती आणि पावडरीत रक्त. त्यानं रुमालानं हात पुसला आणि खाली वाकला.

"काकी, काय झालंय हिला?"

पोरगा चांगला होता. त्याला सांगितलं असतं तर त्यानं बापाला तिथंच विचारलं असतं. मुंडावळ्यांआडनं तो खरंच काळजीनं बघत होता. नूरजहांनं त्याच्याकडं बघितलं, त्याच्या कपाळावरच्या हळदीकडं बघितलं.

"उष्णता हाय, बाळा," ती म्हणाली. "तुमी म्होरं बगा."

अक्षता पडल्यावर मांडवात माइकवरनं रसूलचं नाव पुकारलं. रसूल नालबंद यांनी घोडी मानाची दिली, त्यांचा सत्कार. अण्णांनी स्वतः त्याला टॉवेल-टोपी दिली, हातात नारळ दिला, मिठी मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रसूल टोपी घालून तसाच खालच्या मानेनं शेडाकडं आला, तेव्हा नूरजहां झूल सोडत होती. झूल निघाली, ओढणी निघेना. ती कातड्याला चिकटली होती. पाणी सोडून सोडून तिनं ती सोडवली, तेव्हा मानेखालच्या जखमेत पांढरं काहीतरी वळवळताना दिसलं. रसूल जवळ येऊन वाकला. आळ्या होत्या.

नूरजहां उठली. हात धुतले, नूरीनचा मोबाईल मागून घेतला आणि सद्दामला फोन लावला. "ने," एवढंच म्हणाली. रसूल मधे बोलायला बघत होता, तिनं हातानंच त्याला गप्प केलं.

दोन दिवसांनी सद्दाम पिकअप घेऊन आला. डॉक्टरांनी जखम साफ करून दिली होती. सद्दाम घोडीभोवती फिरला, हळहळला, म्हणाला, आपा, वर वारं असतंय, थंडी असतीया, असली माशी औषधाला सापडायची न्हाई, महिन्यात केस येत्यात बघ. सगळं खरं होतं. त्या खऱ्याचाच तिला राग आला. शेवंती फळीवर पाय ठेवेना. दोघा पुरुषांनी ओढून बघितली, मागनं रेटून बघितली. शेवटी नूरजहां आधी गाडीत चढली आणि तिच्या मागनं घोडी मुकाट्यानं चढली. मग नूरजहां कठड्यावरनं पलीकडं उतरली आणि सद्दामनं फळी लावली. गाडी वळणावर जाईपर्यंत घोडी खिंकाळत होती. नूरजहां कानांवर हात ठेवून शेडात बसली.

चार दिवसांनी सद्दामचा फोन आला. जखमा वाळताहेत, माशी नाही, घोडी खातेय चांगली, शनिवारपासून तळ्यावर कामाला धरतो. ती हं म्हणाली. किती पोरं बसवणार दिवसाला, हे विचारायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

त्याच संध्याकाळी नाथाजी अण्णा आले. नवी सून आणि मुलगा जोडीनं ग्रामदैवताला निघायचे होते, त्यांना घोडीवर बसवून न्यावं असं बनाबाईच्या मनात होतं. ते शेडाच्या दारात उभे राहिले आणि आत बघितलं. घोडी कुठं म्हणून विचारलं. रसूल घरात नव्हता. मग नूरजहांनं सांगितलं. माशीचं, आयाळीचं, जखमेचं, आळ्यांचं, सगळं सांगितलं. ढिगाचंही सांगितलं, त्याच्याकडं न बघता. इतक्या दिवसांचं कोंडलेलं होतं, तरी तिच्या आवाजात राग आला नाही. गुन्हा आपणच केला असावा तशी ती बोलली.

अण्णांचा चेहरा उतरला. ते बांधावर बसले. त्यांना खरोखर लागलं होतं, ते दिसत होतं.

"एक शबुद टाकायचा हुता, वैनी," ते म्हणाले. "एका तासात हालवला असता. जेसीबी दारात हुता. न्हवता का?"

"हुता," नूरजहां म्हणाली.

"माज्या पोराच्या परण्याला तसली घोडी दिली तुमी. आळ्या पडलेली. आन मला टाळ्या वाजवायला लावल्या." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "परकंच समजता तुमी आमाला. आमी इतकी वर्सं घरचं म्हणतुया, तुमी परकंच समजता."

तिच्या मनात आलं, म्हणावं ह्यांना, खळ्याकडं बघून सांगितलं होतं तुमाला. पण बघणं म्हणजे सांगणं नव्हे, हे तिलाही कळत होतं. त्यांचं बरोबर होतं आणि घोडी महाबळेश्वरला होती.

"चुकलं आमचं, अण्णा," ती म्हणाली.

अण्णांनी मान हलवली. माणूस मोठ्या मनाचा, मनात धरून ठेवणारा नव्हे. उठले, धोतर झटकलं, शेडात एक पाऊल टाकून छपराकडं बघितलं. पत्रा चांगला आहे म्हणाले. आता घोडी नाहीच म्हटल्यावर ढिगाचा कुणाला त्रास नाही, राहू दे पावसापर्यंत. आणि शेड रिकामंच पडणार असेल तर उद्या कोंबडखताची पन्नास-साठ पोती येताहेत, ती आत ठेवली तर भिजायची नाहीत.

"चालंल न्हवं, वैनी?" त्यांनी विचारलं. ह्या वेळी मात्र विचारलं.

न्हाई. एवढा एक शब्द. समोरचा माणूस आत्ताच म्हणाला होता, एक शब्द टाकायचा होता. तिनं तोंड उघडलं.

"ठेवा की, अण्णा," ती म्हणाली. "जागा तुमचीच हाय."

अण्णा गेले. तिनं कोपऱ्यातला खराटा घेतला आणि खाली उरलेलं गवत झाडून काढायला लागली. ओली जागा होती तिथं राख टाकली, म्हणजे पोत्यांना ओल लागायची नाही.